हा दहा पॉइंट शून्य कुठून आणला?

फाल्गुन लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. रानात पळस पेटतो आणि कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागतात. त्यामुळे या खेपेच्या टपालात विद्यार्थ्यांची पत्रं जास्त आहेत. शेतकरी आहेत, एक गृहिणी आहे, एक शाळकरी पोरगाही आहे. संपादकांचा निरोप असा, की वाचक तुमच्याबद्दल विचारतात, थोडं स्वतःचंही लिहा. छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना फळ्यावर समीकरणं लिहिण्यात गेली. स्वतःबद्दल लिहिण्याची सवय नाही. पण पत्रंच अशी निघाली की टाळता येईना.

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचा जोर मोजायच्या प्रयोगाचं, रीडिंग सगळेच जुळवून लिहितात. सीनियरांच्या जर्नलमध्ये उत्तर असतंच. मी खरं आलेलं रीडिंग लिहिलं तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, मार्क कापतील का? मैत्रिणी म्हणतात, जास्त शहाणपणा करू नको. (एक विद्यार्थिनी, दर्यापूर)

उत्तर : पोरी, मी स्वतः जुळवलेलं आहे. त्यामुळे तुझ्या मैत्रिणींना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण मी कसा पकडलो गेलो ते ऐक.

साल १९७२. दुष्काळाचं वर्ष. दिवाळीची सुटी संपवून आम्ही कॉलेजात परतलो होतो. पहिलंच प्रॅक्टिकल ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं. दहा मिली ऑक्झॅलिक पिपेटने घ्यायचं, त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं, फ्लास्क गरम करायचा आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब परमँगनेट सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. थर्मामीटर एकच होता आणि तो कपाटात कुलपात. लॅब अटेंडंट काका आमचे थर्मामीटर. त्यांचा हिशेब असा : "बुडाले बोट टेकलं आन् लगेच मांगं आलं, म्हंजे झालं. टेकूनच रायलं त अजून गरम कर."

सीनियरांकडून उत्तर कळलेलं होतं : दहा पॉइंट शून्य मिली. मी पहिल्यांदा टायट्रेट केलं तर अकरा पॉइंट चार आलं. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्यांदा करायचा कंटाळा आला, शिवाय गावाकडची गाडी निघून जायची भीती. मी मुकाट्याने रकान्यात तीनदा १०.० लिहिलं आणि सही घ्यायला गेलो.

सर काही बोलले नाहीत. जर्नल तसंच उघडं ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले. परमँगनेटची तपकिरी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "बुडाशी काय दिसते?" तळाला तपकिरी गाळाचा पातळ थर होता. "हे द्रावण कधी बनवलं?" मला माहीत नव्हतं. काका मागून म्हणाले, "सुट्यांच्या आंधी, सर." परमँगनेट ठेवून ठेवलं, त्याला उजेड लागला, त्यात थोडी धूळ गेली, की ते हळूहळू मोडतं आणि मँगनीज डायऑक्साइड खाली बसतो. द्रावणाचा जोर कमी होतो. जोर कमी म्हटल्यावर तेवढ्याच ऑक्झॅलिकला ते जास्त लागणार. सरांनी स्वतः एकदा टायट्रेट केलं. अकरा पॉइंट चार. मग पेन्सिलने माझ्या १०.० भोवती गोल काढला आणि विचारलं, "या बाटलीतून हे येऊच शकत नाही. मग हा दहा पॉइंट शून्य कुठून आणला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

शिक्षा अशी, की पुढचे सगळे शनिवार लॅबमधल्या एकूणएक बाटल्या मी पुन्हा प्रमाणित करायच्या आणि लेबलवर तारीख, खरा जोर आणि माझी सही टाकायची. उन्हाळ्यापर्यंत ते काम चाललं. संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला त्या शनिवारची वाट पाहायची सवय लागली आहे. मी रसायनशास्त्राकडे गेलो तो असा, शिक्षा म्हणून.

आता तुझ्या मार्कांचं. खोटं कशाला बोलू, एखादा एक्स्टर्नल कापेलही. पण मी बरीच वर्षं एक्स्टर्नल म्हणून फिरलोय, आणि आमच्यातले बरेच जण फेअर जर्नल बाजूला सारून कच्ची वही मागतात. जिच्यावर डाग आहेत, खाडाखोड आहे, तिच्यावर विश्वास बसतो. तुझं रीडिंग वेगळं आलं तर खाली एक ओळ लिही : द्रावण केव्हाचं होतं, एंड पॉइंट कसा दिसला. तोंडीला विचारलं तर तेच सांग. आणि एवढं सांभाळ : परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं. पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही, घाबरू नको. थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढच्या थेंबांना पळवतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलंय. आणि सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक कधी घेऊ नको. परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग फुगतं.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. उकळून घेतलं तर पाणी गोडं होईल का? तुम्ही आमच्याच भागातले असं ऐकलं, खरं का? (एक गृहिणी, अकोट तालुका)

उत्तर : खरं आहे ताई. मी खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा आहे. वर काळीभोर जमीन आणि खाली खारं पाणी. आमची अडीच एकर कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. विहीर होती, पण तिचं पाणी ढोरंही नाखुशीने प्यायची.

आमच्या घरी पाणी दोन प्रकारचं असे : न्हाणाचं आणि दाळीचं. न्हाणाचं विहिरीचं. दाळीचं पाणी माय दीड कोसावरून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन आणायची. गुंड भरायच्या आधी बोट बुडवून जिभेला लावायची. एखाद्या विहिरीचं पाणी खराब झालं असलं तर म्हणायची, "हे पाणी दाळीले रडवते." मी शाळेत मास्तरांना विचारलं, असं का होतं? ते म्हणाले, पाणी जड आहे. जड म्हणजे वजनदार, असं मी समजलो. मग किराणा दुकानात जाऊन एका पारड्यात गोड्या पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात खाऱ्या पाण्याचा तसाच तांब्या ठेवून पाहिला. काटा हलला नाही. दुकानदाराने हाकललं. 'जड' म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला कॉलेज गाठावं लागलं.

तुमच्या तक्रारी दोन नाहीत, तीन आहेत, आणि त्यांची कारणं वेगळी. फेस न येणं आणि दाळ न शिजणं याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कारण. साबण त्यांच्याशी मिळून चिकट पांढरा साका करतो, फेसाला उरतच नाही. दाळीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. कॅल्शियम ते आणखी आवळून टाकतं, म्हणून दाणा फुटत नाही. खारटपणा मात्र मिठासारख्या विरघळलेल्या क्षारांचा. उकळल्याने जडपणाचा फक्त काही भाग, बायकार्बोनेटचा, पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपात भांड्याला चिकटतो. मीठ कुठेच जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी झालं की उरलेलं जास्त खारट. तेव्हा गॅस जाळू नका.

पावसाळ्यात छतावरचं पाणी धरता आलं तर वर्षाची दाळ तरी निघेल. दाळ त्याच पाण्यात रात्रभर भिजवा. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर दाळ लवकर शिजते, पण चिमूटभरच. जास्त झाला की चव जाते आणि एक ब जीवनसत्त्वही मरतं. आर.ओ.ने क्षार निघतात हे खरं, पण त्याचं फेकायचं पाणी आणखी खारं असतं. ते सांडपाण्याच्या नालीत जाऊ द्या, परसातल्या मेथी-सांभाराला (कोथिंबिरीला) घालू नका.

आणि पाणी एकदा तपासून घ्याच. मायच्या जिभेवर माझा फार विश्वास, पण एक गोष्ट त्या जिभेलाही कळली नसती. फ्लोराइड. यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या हातपंपांना ते येतं आणि ते पाणी चवीला चांगलं लागतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आखडतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावचं पाणी बाटलीत आणलं होतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी. या तपासणीत एक लाल रंगाचं द्रावण घालतात. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो लाल फिका पडतो. त्याच्या नळीतला लाल इतका उतरला की मी त्याला म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मी केलं. तीन पॉइंट दोन. तो कागद घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते, चहा पाजला, आणि म्हणाले, एवढं कसं येईल? जरा परत बघा, दीडच्या आत बसते का. माझा पोट्टा कधी मोठ्याने बोलला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, बसवाचंच असतं त इथं कायले आलो असतो?" वर्षभराने त्या पंपाला, पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग मारला गेला. वर्षभर लोक तेच प्यायले, हेही इथेच लिहून ठेवतो.

प्रश्न : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून संडास धुतला तर जास्त स्वच्छ होतो का? (एक वाचक, दिग्रस)

उत्तर : नाही. क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागेल. एका दिवशी एकच वापरा, तेही दार उघडं ठेवून आणि भरपूर पाण्याने धुऊन.

प्रश्न : संत्र्याच्या झाडांवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारलं, कोवळी पानं करपली. मोरचूद आणि चुना पुस्तकात आहे तसा सारखाच घेतला होता. दुकानदार म्हणतो, तुमचा चुना जुना होता. चुन्याला काय जुनं-नवं? (एक बागायतदार, वरुड)

उत्तर : भाऊ, या वेळी दुकानदार बरोबर आहे. कळीचा चुना उघड्या पोत्यात पडला की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू त्याची भुकटी होते. ती भुकटी बरीचशी खडूच. वजन एक किलो भरेल, पण मोरचुदाला, म्हणजे तांब्याच्या क्षाराला, आवरायचा जोर त्यात राहत नाही. मग मोकळं तांबं पानावर जातं आणि पान करपतं. माझ्या परमँगनेटच्या बाटलीसारखीच ही गोष्ट : लेबल तेच, आतला माल बदललेला.

एक टक्क्याचं प्रमाण तुम्हाला ठाऊकच आहे : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. चुना ढेकळांचा घ्या, पाणी टाकल्यावर चरचर आवाज करून तापला पाहिजे. आमच्याकडे वणीकडचा येतो, तो भट्टीतून निघून किती दिवस झाले ते विचारा. मोरचूद रात्रभर फडक्यात बांधून पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टोपल्यात लटकवा. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नको. दोन्ही वेगवेगळे पन्नास-पन्नास लिटरमध्ये करून, चुना गाळून, तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही एकदम ओतत ढवळा. आकाशी रंगाचं मिश्रण होईल.

आता पुस्तकातल्या किलोवर थांबू नका. घासून चकचकीत केलेला विळा त्या मिश्रणात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. आणखी चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा विळा बुडवा. थर येईनासा झाला की फवारणी, आणि तीही त्याच दिवशी. उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. बुंध्याला डिंक्या रोगासाठी लावायची पेस्ट वेगळी, तिला पाणी फक्त दहा लिटर. फवारताना तोंडाला फडकं, हातात मोजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले. ती औषधं वेगळी, फार जहाल होती. पण उन्हात, उघड्या अंगाने फवारायची सवय तीच.

हे मिश्रण निघालं कसं ते सांगायचा मोह आवरत नाही. फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला रस्त्याकडेच्या द्राक्षवेली येणारे-जाणारे तोडायचे. मालक त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवत, निळे डाग पाहून कोणी तोंडात घालू नये म्हणून. तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना दिसलं, की केवडा रोगाने सगळा मळा उघडा पडलाय आणि या चोरांसाठी रंगवलेल्या वेलींची पानं मात्र शाबूत आहेत. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रस्त्याने कितीतरी लोक गेले असतील. डाग सगळ्यांना दिसले, पानं त्यांना दिसली.

प्रश्न : विज्ञान दिनाला मुलांना भारतीय रसायनशास्त्रज्ञाविषयी सांगायचं होतं. रामन यांच्या पुढे नाव सुचेना, आणि ते तर भौतिकशास्त्राचे. तुम्ही कोणाला मानता? तुमचे गुरू कोण? (एक शिक्षिका, आर्णी)

उत्तर : बाई, मुलांना प्रफुल्लचंद्र राय सांगा. जन्म २ ऑगस्ट १८६१, आताच्या बांगलादेशातल्या एका खेड्यात. एडिंबराहून डी.एस्सी. होऊन आले आणि १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अडीचशे रुपयांवर लागले. त्याच पदवीच्या इंग्रजाला तेव्हा कितीतरी जास्त मिळे. स्वदेशी औषधांसाठी त्यांनी बेंगाल केमिकल उभं केलं. साठी ओलांडल्यावरचा पगार विद्यापीठालाच देऊन टाकला आणि स्वतः विज्ञान महाविद्यालयातल्या एका खोलीत राहिले. लग्न केलं नाही. विद्यार्थी हेच घरचे. ज्ञानचंद्र घोष, जे पुढे खरगपूरच्या आय.आय.टी.चे पहिले संचालक झाले, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, आणि भौतिकशास्त्राकडे गेलेले मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस. हे सगळे त्यांच्या वर्गात बसलेले.

पण वर्गात मी यातलं काही सांगत नसे. मी पिवळ्या स्फटिकांचं सांगायचो. राय पाऱ्यावर थंड, पातळ नायट्रिक ॲसिड टाकून मर्क्युरस नायट्रेट बनवत होते. त्यांना ते दुसऱ्याच कामासाठी हवं होतं. पाऱ्यावर पिवळे स्फटिक जमलेले दिसले. पुस्तकाप्रमाणे ते तिथे असायला नको होते. दुसरा कोणी असता तर 'अशुद्धी' म्हणून धुऊन टाकले असते. त्यांनी ते वेगळे काढले, तपासले. निघालं मर्क्युरस नायट्राइट. १८९६ साली ते छापून आलं आणि जगाला त्यांचं नाव कळलं. तुमच्या मुलांना हाताशी धरून एवढं एकच सांगा, बाकी तारखा राहिल्या तरी चालतील.

माझे गुरू म्हणजे तेच, अकरा पॉइंट चारवाले. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. सायकलवर यायचे. पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली परमँगनेटचा एक तपकिरी डाग कायम. ऑक्झॅलिकच्या पाण्याने तो निघतो हे जगाला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा कधी काढला नाही. शिकवायला फार मोठे होते असं नाही. फळ्यावर अक्षर वाईट, ऑर्गॅनिकच्या तासाला आम्ही पेंगायचो. पण लॅबमध्ये तुमच्या मागे येऊन उभे राहिले की तुमचा हात आपोआप सावकाश व्हायचा.

काकांना ते 'तुम्ही' म्हणायचे. काका चौथी शिकलेले, इंग्रजी लेबल वाचता येत नव्हतं, पण बाटली हातात घेतली की वजनावरून सांगायचे कोणती. किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड काढायचा दिवस असला की सडक्या अंड्यांचा वास बाजार चौकापर्यंत जायचा आणि लोक म्हणायचे, आज सायन्सच्या पोट्ट्यांची परीक्षा दिसते. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनोळखी क्षार ओळखताना, कोणी अडकला तर काका जवळून जाताना पुटपुटत, "लेका, वास त घेऊन पाय आंधी." उत्तर सांगत नसत. सरांनी तेवढी शिस्त त्यांनाही लावली होती, की त्यांनी सरांना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९७६ मध्ये नागपूरहून एम.एस्सी. झालो, पुढच्या वर्षी दारव्ह्याच्या बाजूला एका कॉलेजात लागलो. सातशेवर सुरू होणारी वेतनश्रेणी. सरांना पत्र टाकलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं, त्यात अभिनंदन नव्हतं, पगार विचारला नव्हता. एकच ओळ : 'बॅलन्स कोणती आहे?' बॅलन्स, म्हणजे बारीक वजनं करायचा तराजू, नव्हतीच. ब्युरेट दोन, त्यातल्या एकीची तोटी गळकी. प्राचार्यांच्या मागे लागून पैसे मंजूर करून घेतले आणि नागपूरला जाऊन बारा ब्युरेट घेतल्या. मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेत, आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत, बसलो. ती गाडी किती हलायची हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच माहीत. समोरच्या बाकावर एक शेतकरी कापसाचं गाठोडं घेऊन बसला होता. त्याने विचारलं, मांडीवर काय आहे? काच आहे म्हटलं. त्याने गाठोडं सोडलं, ओंजळी ओंजळीने कापूस काढला आणि आम्ही दोघांनी एकेक नळी गुंडाळली. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनला उतरलो तेव्हा बाराच्या बारा शाबूत. कापूस परत द्यायला गेलो तर म्हणे, "राहू द्या मास्तर, अजून उतरवाच्या हायेत ना." शेवटची ब्युरेट माझ्या निवृत्तीच्या वर्षी, २०१३ मध्येही चालू होती.

प्रश्न : रसायनशास्त्रात एम.एस्सी., नेट झालोय. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्यांत मानधन नाही, लग्नाचं बोलणं दोनदा मोडलं. शिकवणं सोडावं का? (एक प्राध्यापक, पुसद)

उत्तर : या पत्राला उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. मी पहिल्याच मुलाखतीत कायम झालो आणि आता पेन्शनवर बसून तुम्हाला 'धीर धरा' सांगणं बरं दिसत नाही. मी हुशार होतो म्हणून लागलो असं समजू नका. तेव्हा जागा होत्या.

एक तारीख ठरवा. दोन वर्षं म्हणा. तोवर जागा निघाल्या नाहीत तर सोडा, आणि सोडताना गुन्हा केल्यासारखं वाटून घेऊ नका. पाणी आणि माती तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीची कामं आहेत. तिथेही ब्युरेटच धरायची आहे. आणि जिथे कराल तिथे एखादा पोट्टा हाताखाली येईलच.

तुम्ही पीएच.डी.चंही विचारलंय. माझे गाइड आता नाहीत, म्हणून फार लिहीत नाही. तीन वर्षांच्या माझ्या कामाचा पेपर छापून आला, त्यात माझं नाव नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. घरी येऊन पोस्टकार्ड लिहिलं, पण सरांना पाठवलं नाही; अजून एका वहीत आहे. पुढे माझ्या हाताखाली सात जण पीएच.डी. झाले, त्यांच्या पेपरवर माझं नाव शेवटी. त्यात मोठेपणा काही नाही, तो एक राग होता, तो असा निघाला. गाइड निवडताना त्याचे छापलेले पेपर बघू नका. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि विचारा, अजून त्यांच्या घरी जाता का?

प्रश्न : पळसाच्या फुलाचा रंग चुन्याने बदलतो असं आजोबा म्हणतात. खरं का? मला घरी करता येईल का? मी आठवीत आहे. (एक विद्यार्थी, केळापूर तालुका)

उत्तर : करता येईल. आणि आता पळस फुललाय, तर याच आठवड्यात कर. झाडाखाली पडलेली ओंजळभर फुलं घे, फांद्या मोडू नको. दोन पेले पाण्यात दहा मिनिटं उकळ, थंड झालं की फडक्याने गाळ. तीन पांढऱ्या कपांत सारखं ओत. एकात लिंबू पीळ. एक तसाच ठेव. तिसऱ्यात चुन्याची निवळी घाल : आजीच्या पानाच्या डबीतला बोटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळून तासभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. एकदम ओतू नको. थेंब थेंब टाक आणि प्रत्येक पाच थेंबांनंतर थांबून बघ.

कोणत्या कपात कोणता रंग येईल ते मी सांगणार नाही. किती थेंबांनंतर काय दिसलं ते वहीत लिही, आणि आजोबा म्हणतात त्याहून वेगळं दिसलं तर तेच लिहून मला पाठव. चुना डोळ्यात जाऊ देऊ नको. आणि पातेलं आईला विचारून घे, तो पिवळा डाग घासून लवकर निघत नाही.